गादीवरचा नारळ

नवरीच्या गादीत एक जरी सरकी राहिली, तरी शिव्या पिंजाऱ्यालाच बसतात.

आमच्या गावात यंत्रमाग थांबले की माणसं दचकतात. खडखडाट चालू असेपर्यंत कुणाला काही वाटत नाही.

नव्या गाद्यांचा निळा रंग सगळ्यांना आवडला.

शिरगुप्पेकाकूंनी त्या वर्षी इतक्या नारळाच्या वड्या केल्या की घरच्यांनी शेवटी हात जोडले.

बारवर चढण्यापूर्वी माझी विद्यार्थिनी स्मितल हेरवाडे पावडर आधी डाव्या तळहाताला लावायची. चुकून उजव्याला लागली तर दोन्ही हात धुऊन पुन्हा सुरुवात.

कोल्हापुरातल्या फोमच्या दुकानात मी गादीवर आडवी झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हीच."

गुरुवार

टेम्पोतून गाद्या उतरत होत्या तेव्हा मुलींनी इतका आरडाओरडा केला की शेजारच्या मागवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चार गाद्या. सहा इंच जाडीच्या, निळ्या रेक्झिनच्या, कडेला पांढरी शिवण.

साल १९९६. मी सव्वीस वर्षांची. इचलकरंजीच्या बलोपासना मंडळात मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायची. नाव अंजना, पण सगळ्यांना मी 'मगदूमबाई'. मुली चौदा. त्यांच्यासाठी एक बीम, एक उंच आणि एक बुटका अशी बारची जोडी, आणि खाली पडायला कापसाच्या तीन गाद्या. या गाद्या मल्लखांबाच्या काळातल्या. दर दिवाळीनंतर उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून शिवायच्या.

ते काम दस्तगीर नदाफांचं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं. सगळा गाव त्यांना मामू म्हणायचा. नव्या गाद्या आल्या म्हणून जुन्या घेऊन जायला ते त्या दिवशी हातगाडी घेऊन आले होते.

"काय मामू, बघा तरी हात लावून," मंडळाचे सेक्रेटरी शिरगुप्पेकाका म्हणाले. "लोण्यात पाय गेल्यासारखं वाटतंय. तुमच्या त्या दगडावर आता पोरींनी पडायला नको."

मामूंनी गादीवर तळहात ठेवून दाबला. गादी दोन बोटं खाली गेली.

"लई मऊ हाय."

मग ते गुडघ्यांवर बसले, मूठ वळली आणि मुठीवर अंगाचा सगळा भार टाकला. हात मनगटाच्या वरपर्यंत आत गेला. निळं रेक्झिन त्याच्याभोवती विहिरीसारखं गोळा झालं.

"फरशी," ते म्हणाले.

"काय?"

"फरशी लागली हाताला."

मला राग आला. गाद्या दिल्या होत्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या धनपालशेठनी, पण निवड माझी होती. दुकानदाराने पाच प्रकारचे फोम मांडले होते आणि मी त्यातला सगळ्यात मऊ घेतला होता. पडणाऱ्याला लागू नये म्हणून गादी. मग ती मऊच हवी, यात विचार करण्यासारखं काय होतं?

"मूठ मारून कोण गादी बघतं, मामू?" मी म्हटलं. "मुली पायांवर उतरतात."

"व्हय. रोज सगळ्या पायांवरच उतरत्यात?"

"मामू, धंदा गेला म्हणून आमच्या गादीवर रुसू नका हं," शिरगुप्पेकाका म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. मामूही हसले थोडे. कपड्यांवरची धूळ झटकत उठले आणि जुन्या दोन गाद्या हातगाडीवर चढवल्या. तिसरी मावेना.

"ही ऱ्हाऊ दे. रविवारी नेतो."

रविवारी गाद्यांचं उद्घाटन होतं. उद्घाटन नुसतं नावाला. खरं तर ती आमची परीक्षा होती. मुलींनी बारवर उड्या मारणं कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांना पटत नव्हतं. त्यांना त्या हॉलमध्ये व्यायामाची मशीन आणायची होती. धनपालशेठ अध्यक्ष. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून सांगितलं होतं, "रविवारी मला पोरींचं काम दाखवा. डोळ्यांना पटलं तर हॉल पोरींचा. नाही तर मशीन आणू."

दाखवण्यासारखं काम एकच होतं आणि ते करणारी मुलगीही एकच. स्मितल. वय दहा. उंच बारवरून मोठा झोका, हात सोडून हवेत मागे एक कोलांटी, आणि खाली उतरणं. गावात तोवर कुणी तसं केलं नव्हतं. जुन्या गाद्यांवर मी तिला फक्त हात धरून करू देत असे. नव्या गाद्यांवर ती एकटी करणार होती.

शनिवार

पिंजारी गल्लीत मामूंचं दुकान म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. ते लग्नाची गादी शिवत बसले होते. लाल साटीन, हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. नाकावर रुमाल बांधलेला, भुवयांवर कापूस.

"पट्ट्या शिवून हव्यात," मी म्हटलं. "दोन गाद्या शेजारी ठेवल्या की मधे फट पडते. पाय जाईल एखादीचा."

"ते बघितलंसा, बरं केलंसा."

किती लांब, किती रुंद ते त्यांनी विचारलं, वितीने ओट्यावर मोजून खूण केली. काम झालं. मी उठले नाही.

"आणि काय?"

"काही नाही."

"मग चा घ्या."

चहा आला. मामूंनी रुमाल खाली ओढला. रस्त्यापलीकडे कुणीतरी गादी उन्हात टाकून काठीने बडवत होतं. त्या आवाजात मी विचारलं, "मामू, परवा तुम्ही मूठ दाबलीत. गादी वाईट आहे का?"

"चांगली हाय की. झोपायला. आमच्या घरवालीला गुडघ्याचा तरास हाय, तिला द्या, दुवा देईल."

"मी थट्टा करत नाहीये."

"मी बी न्हाई." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "बाई, ही नवरीची गादी. ही शिवायच्या आधी आम्ही काय काय विचारतो, ठाऊक हाय? बाळंतिणीची असंल तर येगळं विचारतो. म्हाताऱ्या माणसाची असंल तर येगळं. कूस कुठली, पाठ धरती का, वजन किती. कोण निजणार आणि कसं निजणार ते कळल्याबिगर आमी कापूस तोलत न्हाई. तुमी दुकानात काय विचारलंसा?"

"मऊ आहे का."

"त्यो काय म्हणाला?"

"झोपून बघा म्हणाला."

"बघितलंसा?"

"बघितलं."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले असते तर बरं झालं असतं.

"मला तुमच्या उड्यांतलं काय कळत न्हाई," मामू म्हणाले. "एकच सांगा. पोरगी सगळ्यात वंगाळ कशी पडंल?"

मी प्रशिक्षणाचा कोर्स केला होता. परीक्षेत पहिली आले होते. बार कसा धरायचा, झोका कुठे सोडायचा, पाय कसे जुळवायचे, सगळ्याचे प्रश्न मला विचारले गेले होते. हा नव्हता. तरी उत्तर देताना मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. कुठेतरी ते तयारच होतं.

"हात वेळेआधी सुटला तर. उलटी येईल. मानेवर."

"डोस्कं खाली?"

"हो."

"मग डोस्क्यानं दाबून बघितलंसा काय?"

चहाच्या कपावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला करत बसले.

"उद्या काय करू मी?"

"ते तुमी ठरवा. मी बोललो तर गाव म्हणंल, पिंजारी जळला." त्यांनी सुईत नवा दोरा घातला. सुईचं भोक शोधायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्घाटनाला नारळ आणणार न्हवं?"

"आणणार की."

"त्यो बी डोस्क्याएवढाच असतोय."

आणि पुन्हा रुमाल वर ओढून शिवायला लागले. पट्ट्या सकाळी हॉलवर आणून देतो म्हणाले.

रविवार

मांडववाल्याने दाराशी झालर लावली होती आणि शिडी आतच विसरून गेला होता. खुर्च्यांच्या चार रांगा. पालक, कार्यकारिणी, मशीनवाल्या गटातले हात बांधून बसलेले पाचसहा जण. गाद्यांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. उदबत्ती केळ्यात खोचलेली. पुढे एक काळा दगड, आणि दगडाशेजारी नारळ.

बारखाली मामू गाद्यांना पट्ट्या बांधत होते. एका कडेला स्मितल लाल पोशाखात उभी होती. दोन्ही तळहात पांढरे. तिची आई मागे होती.

शिरगुप्पेकाकांनी माइकवर तीनदा 'हॅलो' म्हणून नारळ धनपालशेठच्या हातात दिला. शेठ दगडापुढे वाकले.

"शेठ," मी म्हणाले, "नारळ दगडावर नको. गादीवर टाकू या."

ते वाकलेलेच थांबले. "गादीवर? फुटणार कसा?"

"फुटू नये म्हणूनच."

"मग उद्घाटन झालं कसं म्हणायचं?"

"फुटला नाही, की झालं म्हणायचं."

लोक हसले. शेठनाही गंमत वाटली. "नवीनच शास्त्र काढलं बाईंनी," म्हणत त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

मी गादीच्या कडेला उभी राहिले आणि नारळ छातीएवढ्या उंचीवरून टाकला.

धप्. नारळ गादीत रुतला, किंचित वर आला, कुशीवर वळून पडून राहिला. शेंडीसुद्धा हलली नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिरगुप्पेकाका माइकवर ओरडले, "शुभ झालं! शुभ झालं! आता आपली छोटी खेळाडू..."

स्मितल बारकडे निघाली.

मी नारळ उचलायला वाकले. मामू तिथेच, पट्टीची गाठ मारत, गुडघ्यांवर होते. गाठ मारता मारताच, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, "बाई, पोरगी कुठनं येणार?"

मी वर पाहिलं. उंच बारवर पावडरीचे पांढरे डाग होते.

ते एवढंच बोलले. गाठ आवळून झाल्यावर उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. टाळ्या अजून चालू होत्या. नारळ दगडाशेजारी ठेवून मला बाजूला होता आलं असतं. कुणी काही म्हणालं नसतं. हॉल बहुतेक त्याच संध्याकाळी आमचा झाला असता.

"स्मितल, थांब," मी म्हटलं.

मांडववाल्याची शिडी ओढून बारच्या खांबाला लावली. नारळ काखेत धरून वर चढले. खालून कुणीतरी म्हणालं, "बाईच करून दाखवतात वाटतं!" शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून हात लांब केला. नारळाची शेंडी वर होती. बारच्या उंचीवर हात आला तेव्हा मी बोटं उघडली. जोर अजिबात लावला नाही.

घोंगडीत गुंडाळून मडकं फोडावं तसा आवाज झाला.

नारळ गादीत शिरलेला दिसला, मग दिसेनासा झाला, मग वर आला तो दोन तुकडे होऊन. पाणी निळ्या रेक्झिनवरून हळदीकुंकवाकडे वाहत गेलं.

माइक चालू होता. त्यातून फक्त शिरगुप्पेकाकांचा श्वास ऐकू येत होता. स्मितलच्या आईने पुढे होऊन मुलीच्या मानेवर मागून हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"नासका असेल," काका अखेर म्हणाले. "नासका लगेच फुटतो."

"दुसरा आणा," शेठ म्हणाले.

दुसराही फुटला.

मशीनवाल्यांपैकी कुणीतरी मागून हसलं. "आता मामूंच्या गादीवर टाका की! त्यासाठीच चाललंय हे सगळं!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. उरलेली ती एक जुनी कापसाची गादी तिथे गुंडाळून ठेवली होती. मामू तिला टेकून उभे होते.

"टाका की," मामू म्हणाले आणि स्वतःच गादी बारखाली आणून पसरली. "फुटंलच."

मी वरून तिसरा नारळ सोडला. तो पहिल्या दोन्हींपेक्षा मोठ्या आवाजात फुटला. एक तुकडा थेट शेठच्या खुर्चीपाशी गेला.

"तुमचीही नापास, मामू," शेठ म्हणाले.

"व्हणारच. घट्ट भरलेला कापूस आणि फरशी, एकच. ही पडणाऱ्याची गादी कधी नव्हतीच, शेठ. आमच्या बापाला सांगितलं गादी शिव, त्यानं शिवली. त्यानं बी कुणाला काय विचारलं न्हाई. मी बी इतकी वर्सं न्हाई विचारलं."

हॉलमध्ये शेपन्नास माणसं होती. तिथे स्वतःहून चूक कबूल करणारा तो एकटाच माणूस. मी अजून शिडीवरच उभी होते.

"मग आज काय बघायचं आम्ही?" शेठनी विचारलं.

"आज बारवर कुणी चढणार नाही," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "गाद्या मी निवडल्या. चुकीच्या निवडल्या. तुम्ही हॉल मशीनला दिलात तरी आज कुणी चढणार नाही."

शेठनी पायापाशी पडलेला खोबऱ्याचा तुकडा उचलला. धोतराच्या सोग्याला पुसला, दातांनी तोडला, चावला. आम्ही सगळे ते चावणं बघत होतो.

"हॉलचं मी आत्ता काय बोललो का?" ते म्हणाले. आणि मग, तोंडात खोबरं असतानाच, "नीट गादी ठरवायला किती नारळ लागतील?"

पुढचे तीन महिने

एकतीस.

शिरगुप्पेकाका पोतं आणून टाकायचे. फुटलेले नारळ शिरगुप्पेकाकूंकडे जायचे, त्यांच्या वड्या होऊन मुलींकडे परत यायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मामू दुकान बंद करून यायचे. फोमचे वेगवेगळे तुकडे एकावर एक रचायचे आणि मी शिडीवर चढायची. मशीनवाले दारात उभे राहून पैजा लावायचे. पुढे पुढे त्यांच्यातला एक जण शिडी धरायला लागला.

नुसता कडक फोम घेतला तर नारळ फुटायचा. नुसता मऊ घेतला तरी फुटायचा. मऊची जाडी वाढवली तेव्हा नारळ वाचला, पण स्मितल बुटक्या बारवरून उतरली तर तिचे पाय घोट्यापर्यंत आत अडकले आणि अंग पुढे गेलं. "चिखलात उभं राहिल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. मामूंनी ते शब्द लक्षात ठेवले. पुढच्या वेळी त्यांनी मऊ थराच्या वर एक पातळ, चिवट थर घातला.

मी मला शिकवणाऱ्या सरांना पत्र लिहिलं. त्यांनी चार पानी उत्तर पाठवलं. त्यात फोमची घनता किती असावी, रेक्झिनमधून हवा बाहेर जायला जाळी कुठे ठेवावी, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'नारळावर सर्वस्वी विसंबू नये. पण प्रश्न योग्य आहे.' मी ते पत्र मामूंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

जी गादी ठरली ती अशी: खाली घट्ट थर, मधे फूटभर मऊ, वर पातळ चिवट थर, आणि सगळ्यावर फट नसलेली एकच अखंड खोळ. एकतिसावा नारळ तिच्यावरून उडून मशीनवाल्यांच्या पायात गेला आणि गडगडत दाराबाहेर. शेठ त्या दिवशी आले होते. त्यांनी तो अख्खा नारळ घरी नेला, देव्हाऱ्यात ठेवतो म्हणाले.

हॉल मुलींकडेच राहिला.

डिसेंबर १९९८

स्मितल बारा वर्षांची. तोच झोका, तीच कोलांटी, आता शेकडो वेळा केलेली. मी बीमपाशी दुसऱ्या मुलीचे पाय सरळ करत होते. मागे बारचा नेहमीचा आवाज आला नाही. वळले तेव्हा ती हवेत उलटी होती.

मानेवर पडली.

गादी बसली. वर आली. स्मितल कुशीवर वळली आणि पडून राहिली.

मी धावत गेले की चालत, आठवत नाही. तिला हात लावायचा नाही, मान हलवायची नाही, हे कोर्समध्ये शिकवलेलं तेवढं आठवलं. "बोटं हलव," मी म्हटलं. तिने हाताची हलवली. "पायाची." पायाची हलवली. मग स्वतःच उठून बसली. केसात पावडर होती.

"बाई, पाणी."

मी पाणी आणलं. पेला तिच्या हातात देताना अर्धं तिच्या अंगावर गेलं.

"सांडलं बाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं तपासून तिला घरी पाठवलं. तिथून मी तशीच पिंजारी गल्लीत गेले. स्मितल मानेवर पडली, एवढं मामूंना सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"हो."

"मग झालं. बसा. चा घ्या."

मी दोन कप चहा प्यायले. त्या दिवशी त्यांच्याकडे कुणाची तरी बाळंतिणीची गादी भरायला आली होती, आणि गिऱ्हाईक घाई करत होतं, आणि मामू त्याला सांगत होते की बाईला सांगून ये, कूस कुठली ते विचारून ये, तोवर मी हात लावणार न्हाई.

आता

मामू २००७ साली गेले. धनपालशेठ त्याच्या आधीच. मी निवृत्त झाले, तरी नवीन हॉल बांधणारी मंडळं, शाळा, क्रीडा संकुलं मला सामान निवडायला बोलावतात. विक्रेते पुस्तिका उघडतात, रंग दाखवतात, प्रमाणपत्रं दाखवतात. प्रमाणपत्रं मी वाचते, ती वाचायलाच हवीत. मग तिथल्या शिक्षिकेला बाजूला घेऊन विचारते, तुमची मुलगी सगळ्यात वाईट कशी पडेल? बहुतेक जणींना उत्तर माहीत असतं. मान खाली घालून सांगतात.

सत्कारात बोलायची वेळ आली की मी मामूंचं नाव घेते. ते असताना घेतलं तेव्हा ते स्टेजवर यायला तयार झाले नाहीत. मागच्या रांगेत बसून टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. शेठचं नाव घेते. शिडी धरणाऱ्या मशीनवाल्याचंही घेते. यांच्यातल्या एकानेही मला कधी 'सांगितलं होतं ना' असं म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. ते ऋण बोलून फिटत नाही, म्हणून मी दरवेळी बोलते.

स्मितलची मुलगी आता आठ वर्षांची आहे. गेल्या जूनपासून ती आमच्याच हॉलमध्ये येते. स्मितल तिला सोडायला येते तेव्हा माझ्याशेजारी बाकावर बसते, आम्ही तिच्या सासरचं बोलतो, भाज्यांचं बोलतो. त्या रविवारी ती बारखाली लाल पोशाखात उभी होती, तिने पहिला नारळ न फुटलेला पाहिला आणि मुकाट्याने बारकडे निघाली. मी थांब म्हटल्यावर थांबली. त्या वेळी माझ्याकडे पाहून ती काहीतरी बोलू शकली असती. सगळ्या गावासमोर. बोलली नाही. नंतरही कधी नाही.

तिचे आभार मात्र मी अजून मानलेले नाहीत. कशाबद्दल, ते सांगावं लागलं असतं.

शुक्रवार

गाद्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, हॉलमध्ये आम्ही दोघीच असताना, स्मितल नव्या निळ्या गादीवर उंच बारवरून तीनदा उतरली. दुसऱ्या उडीनंतर ती म्हणाली, "बाई, टाचेला फरशी लागते." मी म्हटलं, "पाय जुळव." ती "हो बाई" म्हणाली, आणि तिसरी उडी मारायला वर चढली.